हिरव्या मोपेडची बोली

३ नोव्हेंबर, सोमवार

सरिता सिस्टरने आज विचारलं, जानेवारीपासून दुसरीकडे नोकरी बघू का, संस्थेकडे पैसे डिसेंबरपर्यंतच आहेत ना. रागावून नाही. हातमोजे काढता काढता सहज विचारलं. मी म्हटलं, थांब जरा. कशाच्या जोरावर म्हटलं, माहीत नाही.

तीन सिस्टर, एक व्हॅन, अठ्ठेचाळीस घरं. प्रत्येक घरात अंथरुणाला खिळलेलं एक माणूस. जखमा धुवायच्या, नळी बदलायची, घरच्यांना कूस कशी बदलायची ते शिकवायचं. हे उद्या बंद पडलं तर कुणी मोर्चा काढणार नाही. बहुतेकांना कळणारही नाही.

संध्याकाळी आपटे सरांकडे गेले. आमच्या संस्थेचे अध्यक्ष. कारखान्यात माझ्या नवऱ्याचे, अनिलचे साहेब होते, त्यामुळे आमच्या घरात ते अजून 'सर'च. त्यांनी लिलावाचं काढलं. लोकांकडून चांगल्या वस्तू मागायच्या, शाहपुऱ्यातल्या पैसेवाल्यांना बोलवायचं, बोली लावायची. मला आधी हसू आलं. गाडीत बसल्यावर गेलं. दुसरं काय आहे आपल्याकडे?

६ नोव्हेंबर, गुरुवार

लग्नसराई. हॉलचे भाव ऐकून फोन ठेवला. शाहपुऱ्यातली एक शाळा सभागृह फुकट देते म्हणाली, २२ तारखेला. घेतलं.

जुन्या देणगीदारांची यादी काढली. पहिला फोन दातांच्या डॉक्टरांना. दोन वर्षांपूर्वी मनापासून दिलं होतं त्यांनी. म्हणाले, "आप लोगों को मेरी याद तभी आती है, जब ज़रूरत पड़ती है." पावती पाठवली आणि माणूस विसरलो. त्या पैशातून कुणाचं काय झालं, एका ओळीने कळवलं नाही.

ठरवलं. रोज पाच फोन. पैशाचं अवाक्षर काढायचं नाही. कुणाच्या घरी काय घडलं तेवढं सांगायचं, नाव न घेता. आज दोनच झाले. तिसऱ्याला जीभ रेटेना.

९ नोव्हेंबर, रविवार

वस्तू यायला लागल्या. घडी न मोडलेली चंदेरी साडी. तळ्याचं मोठं चित्र. पितळेच्या समया. एकाने स्वतःचा जुना कॅमेरा दिला.

दुपारी पुराणिक काकांनी बोलावलं. आमच्या मागच्या गल्लीत राहतात, अवधपुरीतच. काकू चौदा महिने अंथरुणावर होत्या, आपली सरिता आठवड्यातून तीनदा जायची. मे महिन्यात गेल्या. काका मला जिन्याखाली घेऊन गेले आणि जुनी चादर ओढली. खाली काकूंची हिरवी मोपेड. काकू गणित शिकवायच्या, बावीस वर्षं याच गाडीवरून शाळेत गेल्या. काकांनी पेडल मारलं. तिसऱ्या खेपेला सुरू झाली.

"घेऊन जा," म्हणाले. "येता-जाता पायात येते."

मी म्हटलं, काका, नीट विचार करा. ते म्हणाले, विचार करूनच तुला बोलावलं.

व्हॅनमध्ये चढवेपर्यंत दारात उभे होते. गाडी वळली तेव्हा आत गेलेले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भार्गव मॅडमना करोंदला, मंडीजवळच्या वस्तीत घेऊन गेले. तळ्यासमोरचं मोठं घर त्यांचं. अनेक संस्थांना देतात, म्हणून अनेक संस्था त्यांच्या मागे असतात. फोनवर मागण्याऐवजी म्हटलं, एकदा चला आमच्याबरोबर. ज्यांच्या घरी जायचं त्यांना आधी विचारलं. मंडीतला हम्माल, पोत्यांची थप्पी अंगावर आली, कंबरेखाली काही हलत नाही. तीन वर्षं झाली. त्याच्या बायकोने विचार करून सांगितलं, आणा, पण फोटो नको.

मॅडम आधी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग चप्पल काढून आत जमिनीवर बसल्या. सरिताने पाठीची जखम धुतली. ऑगस्टमध्ये मूठ आत जाईल एवढी होती, आता रुपयाएवढी आहे. परतताना शाहपुऱ्याजवळ मॅडम म्हणाल्या, तुम्ही सभागृहात जेवढं जमवाल तेवढंच मी माझ्याकडून घालीन. पण आधी जमवून दाखवा. लोक तुमच्या पाठीशी आहेत हे मला दिसलं पाहिजे.

त्याच घरी रामस्वरूपजी भेटले. हम्मालाला केळी घेऊन आले होते. मंडीत तीस वर्षं धान्याची बोली पुकारली, आता घरी असतात. मी तिथल्या तिथे विचारलं, आमचा लिलाव पुकाराल का. म्हणाले, "गेहूँ-चना बेचा है बहनजी, साड़ी नहीं बेची." पण तारीख विचारून घेतली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऐंशी आमंत्रणं, होकार एकतीस. फोन मात्र सोपे जातायत. दातांच्या डॉक्टरांना पुन्हा केला, करोंदच्या जखमेचं सांगितलं. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पैशाचं दोघांनीही काढलं नाही.

संध्याकाळी आपटे सर घरी आले. झोप उडालीय त्यांची. बोली वर गेलीच नाही तर? मॅडमसमोर पाच-सात हजारांवर सगळं विकलं गेलं तर? मग चहा संपवत म्हणाले, आपला एखादा माणूस लोकांत बसवू या का, बोली हलती ठेवायला. सगळीकडे करतात म्हणे. मी म्हटलं, नको सर. बरं, राहिलं, म्हणाले.

इतक्या चटकन राहिलं याचं मला बरं वाटलं. अनिल तिथेच बसला होता. सरांना सोडायला तोच फाटकापर्यंत गेला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

घसा बसलाय. पुठ्ठ्यांवर नंबर घालून झाले. बोली लावायची तर पुठ्ठा वर करायचा, एवढंच. वस्तूंची यादी चौथ्यांदा तपासली. सरिता मला म्हणाली, मॅडम, आम्ही इंजेक्शन देताना पेशंटपेक्षा तुम्ही जास्त घाबरता. खरंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल झालं. आज सकाळी लिहितेय.

चौपन्न माणसं आली. रामस्वरूपजी पांढऱ्या सदऱ्यात, माइक नको म्हणाले. साडी हातात घेतली, भाव न सांगता पदर उलगडला आणि नुसते थांबले. लोक हसले, मग बोलायला लागले. दातांचे डॉक्टर बायकोला घेऊन आलेले. तळ्याचं चित्र त्यांनी घेतलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तोपर्यंत सगळं माझ्या कल्पनेपेक्षा चांगलं चाललेलं.

मोपेड अकरावी. दोघांनी ढकलत पुढे आणली. तेव्हा मला मागच्या रांगेत पुराणिक काका दिसले. बोलावलं होतं मी, पण येतील असं वाटलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, हातात सत्तावीस नंबरचा पुठ्ठा. यांनी पुठ्ठा कशाला घेतला, असं मनात येतंय तोवर तो वर गेला.

पाच हजारांपासून सुरुवात. समोर एक कॅफेवाला. गाडी भिंतीवर टांगणार असं शेजारच्याला मोठ्याने सांगत होता. तो आणि काका. बारा, पंधरा, अठरा. कॅफेवाल्याने मान हलवली, पुठ्ठा मांडीवर ठेवला. मला सुटल्यासारखं झालं. मिळाली काकांना.

आणि डावीकडून वीस.

अनिल.

मला वाटलं, चुकून हात वर गेला. मग पंचवीस. मग तीस. काका त्याच्याकडे बघतही नव्हते, गाडीकडे बघत होते. मी स्टेजच्या कडेला, अनिल तिसऱ्या रांगेत. हाताने खूण केली, नको. दिसली नाही त्याला. किंवा दिसली. पस्तीस. चाळीस. लोक माना वळवायला लागले, कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. भार्गव मॅडम पुढे झुकून बसलेल्या, चेहरा खुललेला. अठ्ठेचाळीस. पन्नास. बावन्नला काकांनी पुठ्ठा दोन्ही हातांनी वर धरला. रामस्वरूपजींनी तिथेच एक-दो-तीन केलं, इतकं भरभर की कुणाला हात उचलायला वेळच मिळाला नाही. दिवसभरात इतर कुठल्या वस्तूला त्यांनी अशी घाई केली नव्हती.

टाळ्या खूप वेळ. काका बसूनच.

मी जवळ गेले. म्हटलं, काका, नुसतं म्हणाला असतात तर आणून दिली असती.

"दिलेली वस्तू परत कशी मागायची? आणि गाडी गेल्यापासून जिन्याखाली बघवत नाही."

चेक लिहिताना अक्षर सावकाश काढत होते. आकड्यावरून दोनदा नजर फिरवली.

सरांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, जिंकलो. घरी येताना अनिलने गाडी चालवली, मी खिडकीबाहेर बघत होते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ऑफिसात सगळे खूश. सरिताने सांगितलं, खासगी हॉस्पिटलातून बोलावणं आलेलं, आज त्यांना नकार कळवला. म्हणाली, आता कशाला जाऊ.

दुपारी रामस्वरूपजी आले. आम्ही शाल आणि थोडं मानधन ठेवलेलं, शाल घेतली. पाकीट परत सरकवलं. मला वाटलं संकोच असेल. उठताना बोलले.

"बहनजी, जो माल लेने आता है, वो माल को देखता है. वो साहब पूरे टाइम मुझे देख रहे थे."

त्यांना माहीत नव्हतं ते साहब माझे कोण. मी सांगितलंही नाही. जिन्यापर्यंत सोडायला गेले.

संध्याकाळी अनिलला विचारलं. तो बूट काढत होता. लपवलं नाही त्याने. सरांनी १७ तारखेला जाताना फाटकाशी सांगितलं होतं. दोन-तीन वस्तूंवर बोली हलती ठेव, खरं गिऱ्हाईक आलं की बाजूला हो, अंगावर आलीच तर मी बघतो. समयांवर त्याने दोनदा हात उचललेला, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"पण काकांवर?" मी म्हटलं.

त्याला वाटलं, काकांनाही सरांनीच बसवलंय. गाडी त्यांनीच दिलेली, मग ते कशाला विकत घेतील? दोघं मिळून वर नेतोय, मधे कुणीतरी खरा येईल. चाळीसच्या पुढे त्याने एकदा मागे वळून पाहिलं, तेव्हा काका नुसते गाडीकडे बघताना दिसले. तेव्हा कळलं.

"कळलं, तरी पन्नासपर्यंत गेलास?"

"थांबायचं कसं तेच कळेना," म्हणाला. "सगळे बघत होते. सर बघत होते."

छप्पन्न वर्षांचा माणूस. एका विभागाचं काम बघतो. सर बघत होते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काकांच्या मुलीचा फोन, नागपूरहून. रश्मी. लहानपणी आमच्याकडे पॅटिस खायला यायची. बाबांच्या बँकेचे मेसेज तिलाही जातात, त्यावरून एवढी रक्कम गेल्याचं कळलं, मोपेडचं मग बाबांनीच सांगितलं. ओरडली नाही. बाबांचा पैसा आहे, त्यांनी आईसाठी काहीही करावं, म्हणाली. मग म्हणाली, "मावशी, मला फक्त एक सांगा. समोर बोली कोण लावत होतं?"

माझ्या तोंडून निघालं, बघून सांगते.

बघून काय सांगणार? पुठ्ठ्यांची यादी माझ्याच हातची आहे. नंबर नऊ, अनिल.

दिवसभरात फोन एकही केला नाही. लोकांना खरं खरं सांगायचं म्हणून सुरू केले होते ना.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आपटे सरांकडे गेले, एकटी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चूक झाली म्हणाले, पण लगेच पुढे, नुकसान कुणाचं झालं? काकांना गाडी मिळाली, संस्थेला पैसे मिळाले. परत केले तर कारण सांगावं लागेल. कारण बाहेर गेलं की भार्गव मॅडम एक रुपया देणार नाहीत. आणि त्यांचं बघून बाकीचेही मागे फिरतील.

मॅडम सोमवारी अकरा वाजता चेक देणार आहेत. जेवढं जमलं तेवढंच. म्हणजे काकांच्या त्या खोट्या चढलेल्या रकमेवर तेवढीच आणखी.

मी म्हटलं, सर, मी नको म्हटलं होतं तुम्हाला.

ते खिडकीकडे गेले. पाठमोरे म्हणाले, "करोंदच्या त्या बाईला जाऊन सांग मग, की आम्ही फार सच्चे होतो, म्हणून उद्यापासून सिस्टर येणार नाही."

मी पर्स उचलली. ते वाईट माणूस नाहीत. स्वतःच्या पेन्शनीतून दोनदा व्हॅनचं काम करून दिलंय त्यांनी. म्हणूनच जास्त त्रास होतोय.

तिथून सरळ करोंदला गेले, व्हॅनमध्ये सरिताशेजारी बसून. जखमेवर नवी चामडी धरतेय. बायकोने चहा दिला. सरिताला सांगायचं होतं, तोंड उघडलं आणि चहा चांगला झालाय म्हणाले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं काकांना.

सकाळी दहाला गेले. ते मटार सोलत बसलेले. मोपेड बैठकीत, सोफा भिंतीला सरकवून जागा केलेली. हँडलवर काकूंची कापडी पिशवी अडकवलीय. मी बसले नाही. बसले असते तर जमलं नसतं. सगळं सांगितलं, अनिलचं नाव घेऊन. सरांचंही. अठरानंतर समोर खरं कुणी नव्हतं, हे स्पष्ट शब्दांत.

काकांचे हात थांबले नाहीत. शेंग फोडायची, दाणे वाटीत, साल कागदावर. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

मग विचारलं, मॅडमना माहीत आहे का. नाही. सरिताला? नाही. रश्मीला काय सांगितलंस? अजून काही नाही.

म्हटलं, काका, अठराच्या वरचे पैसे परत करते, समितीने नाही म्हटलं तर मी घरचे देईन. त्यावर पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. पैशाचं आत्ता हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, म्हणाले. सरिताने चौदा महिने हिला हात लावला तो पैसे मोजून लावला नव्हता. पण ते वेगळं, आणि हे वेगळं. मला फसवलं तुम्ही लोकांनी. आवाज तसाच, हळू.

मी रडले. त्यांनी पाणी आणून दिलं, त्याने आणखी लाज वाटली.

निघताना दारात त्यांनी पुन्हा विचारलं, अनिलला कळलं कधी म्हणालीस? मी म्हटलं, चाळीसच्या पुढे.

"चाळीसपर्यंतचं मला समजतं," म्हणाले. "त्याच्या पुढचं त्याने येऊन सांगावं. तू नको."

३० नोव्हेंबर, रविवार

काल रात्री अनिलला निरोप जसाच्या तसा सांगितला. ऐकलं आणि उठून मिक्सर दुरुस्त करायला घेतला. आज सकाळी तोच मिक्सर पुन्हा उघडला. नऊच्या सुमाराला विचारलं, काका नक्की काय म्हणाले? सांगितलं. साडेदहाला परत तेच. परत सांगितलं.

सरांचा फोन आला. मी काकांना सांगून आले हे त्यांना मीच सकाळी कळवलं होतं. म्हणाले, उद्या मॅडमकडे जाण्याआधी माझा राजीनामा घेऊन जा, सगळं माझ्यावर घाल. म्हटलं, सर, राजीनामा नको, तुम्ही स्वतः चला. बघतो म्हणाले. येतील की नाही, सांगता येत नाही. मी जाणार. अकराला. मॅडम उठून जातील, किंवा ऐकतील. सरिताला आज फोन करून भेटायला बोलावलंय, पाचला. तिने ती नोकरी माझ्या शब्दावर नाकारली. तिला तरी मॅडमच्या आधी कळायला हवं.

रश्मीला मेसेज लिहिला, खोडला. तिला काका सांगतील का मी? हे काकांना विचारायचं राहिलं.

साडेअकराला अनिल न्हाणीतून निघाला, धुतलेला शर्ट घातला. मी म्हटलं, येऊ का बरोबर. नको म्हणाला. चपलेत पाय घालून मिनिटभर तसाच उभा होता, मग म्हणाला, "मी काय सांगू त्यांना? तेव्हा मनात काय होतं ते मलाच नीट माहीत नाही." मी म्हटलं, मग तेच सांग.

गेला. चालत तीन मिनिटांचं घर.

फाटक वाजलं म्हणून उठले. शेजारचे होते. काका आवाज चढवणार नाहीत. ओरडले असते तर अनिलला सोपं गेलं असतं. पुन्हा बसले. सरांचे दोन मिस्ड कॉल.

एक वाजून गेला. सोमवारपासून आम्ही एकत्र जेवलो नाही. तो आधी, मी मागून. आज वरण दुसऱ्यांदा गरम केलंय आणि दोन ताटं घेऊन बसलेय.